पार्सल उशिरा आलं, परत पाठवायचंय: कुरिअरचा खर्च कोणी सोसायचा?

मुंज शुक्रवारी होती. भाच्याला मामाची भेट म्हणून मी रेशमी सोवळं-उपरणं ऑनलाइन मागवलं होतं आणि ऑर्डर देताना ॲपवर स्वच्छ लिहिलेलं होतं, 'सोमवारपर्यंत मिळेल'. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी ताईचा फोन आला, "अरे, सोवळं आलं का? नसेल तर मी आजच लक्ष्मी रोडवरून घेऊन येते." तिने आणलंच. मुंज लागली, पंगती उठल्या, पाहुणे आपापल्या गावी गेले आणि पार्सल आलं पुढच्या मंगळवारी.

सोवळ्याचे १,८५० रुपये आणि डिलिव्हरीचे ९९. परत करायला गेलो तर कळलं, आमच्या पिनकोडवर त्यांचा माणूस परतीचं सामान न्यायला येत नाही, आपणच कुरिअर करायचं. त्याचे १६० रुपये गेले. दहा दिवसांनी खात्यात १,८५० जमा झाले. ९९ नाहीत, १६० नाहीत. भाच्याच्या अंगाला न लागलेल्या वस्तूपायी २५९ रुपये गेले होते.

ते पैसे शेवटी मिळाले, पण दोन महिने भांडून. एवढं भांडावं लागलं ते एका बोटाच्या चुकीमुळे. परत करताना ॲप कारण विचारतं, तेव्हा यादीतलं 'आता गरज नाही' मी निवडलं होतं. शब्दशः खरंच होतं ते, मुंज होऊन गेली होती. पण दुकानाच्या हिशेबात त्याचा अर्थ 'गिऱ्हाइकाचं मन बदललं' असा होतो आणि मन बदललं की खर्च गिऱ्हाइकाचा. त्याच यादीत खाली 'वस्तू उशिरा मिळाली' हेही कारण होतं. माझ्या आईसारखे कितीतरी लोक आता पहिल्यांदाच घरबसल्या खरेदी करायला लागलेत. त्यांच्याकडून ही चूक होऊ नये, म्हणून ऑर्डर देण्यापासून ग्राहक आयोगाच्या दारापर्यंत सगळं क्रमाने लिहितो आहे.

आधी कायदा समजून घ्या

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे आणि त्याखाली जुलै २०२० मध्ये ई-कॉमर्सचे वेगळे नियम आले. त्यातला सहावा नियम विक्रेत्यांसाठी आहे. वस्तू सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत दाखवली तशी नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीपेक्षा उशिरा आली असेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला आणि पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. उशीर हे कारण त्या यादीत शब्दांत लिहिलेलं आहे, हे लक्षात ठेवा. कस्टमर केअरवरचा मुलगा 'उशीर झाला तरी वस्तू तर चांगली आहे ना सर' म्हणाला, की हाच नियम सांगायचा.

एक अपवाद आहे. उशीर कोणाच्याही हातात नसलेल्या आपत्तीमुळे झाला असेल, तर ही सक्ती विक्रेत्यावर नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली होती, जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं. तेव्हा पार्सल अडकलं म्हणून विक्रेत्याला दोष देता येणार नाही. पण दिवाळीची गर्दी म्हणजे आपत्ती नव्हे. दिवाळी दर वर्षी येते आणि तिची तारीख विक्रेत्याला आपल्याइतकीच आधी ठाऊक असते. 'सेलमुळे ऑर्डरी फार आल्या' हे कारण मी तरी मान्य करत नाही, तुम्हीही करू नका.

आता नेमका प्रश्न परतीच्या खर्चाचा. उशिरा आलेल्या मालाच्या परतीचं टपाल विक्रेत्यानेच भरावं, असं सरळ वाक्य नियमांत नाही. आहे ते असं: परतीच्या अटी आणि परत पाठवायला किती खर्च येईल, ही माहिती ग्राहकाला सहज दिसेल अशी आणि स्पष्ट शब्दांत दिली पाहिजे. पूर्ण किमतीत काय काय धरलंय, डिलिव्हरी आणि हाताळणीचे पैसे किती, हेही फोडून दाखवलं पाहिजे. या दोन गोष्टी हातात असल्या की आपली बाजू उभी राहते. चूक तुमची, मुदत तुम्ही दिलीत, परतीचा खर्च माझ्यावर पडेल हे खरेदीच्या वेळी कुठेही सांगितलं नाहीत, मग तो मी का भरू? माझ्या बाबतीत याच मुद्द्यावर पैसे मिळाले.

इथे एक गैरसमज काढून टाकतो, कारण तो फार पसरला आहे. 'ऑनलाइन घेतलेली वस्तू चौदा दिवसांत कारण न देता परत करता येते' हा कायदा युरोपचा आहे. जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये राहणारी आपली मंडळी सांगतात ते त्यांच्यापुरतं खरं असतं. तिथे वस्तू नुसती आवडली नाही म्हणूनही चौदा दिवसांत करार मोडता येतो. येतानाचा साधा डिलिव्हरी खर्च विक्रेता परत देतो आणि परत पाठवायचा खर्च सहसा ग्राहकाचा असतो, अर्थात तसं आधी सांगितलेलं असेल तरच. भारतात साध्या ऑनलाइन खरेदीला असा सरसकट हक्क नाही. रंग आवडला नाही, मन बदललं, तर त्या दुकानाचं परतीचं धोरण म्हणेल तेवढंच. म्हणून तर इथे कारण काय नोंदवलं जातं याला एवढं महत्त्व आहे.

ऑर्डर देताना: तारखेचा फोटो

पैसे भरायच्या आधी ज्या पानावर 'अमुक तारखेपर्यंत मिळेल' असं दिसतं, त्याचा स्क्रीनशॉट घ्या. नंतर घेऊ म्हणू नका. पार्सल रखडलं की ॲपमधली तारीख गुपचूप पुढे सरकते आणि आठवड्याने बघाल तर तिथे नवीच तारीख असते, जणू पहिल्यापासून तीच होती. ऑर्डर पक्की झाल्याचा ई-मेल किंवा एसएमएस आला असेल आणि त्यात तारीख असेल, तर तो कधीही पुसू नका. तो बदलत नाही.

तारखेचे शब्दही वाचा. 'अंदाजे ५ ते ९ दिवस' असेल तर उशीर नवव्या दिवसानंतर सुरू होतो, सहाव्या दिवशी भांडून उपयोग नाही. वस्तू लग्न, मुंज, गणपती अशा ठरलेल्या दिवसासाठी असेल तर विक्रेत्याला चॅटवर एक ओळ लिहून ठेवा: 'मला ही वस्तू शुक्रवारच्या कार्यासाठी हवी आहे, सोमवारपर्यंत मिळेल ना?' 'हो' असं उत्तर आलं की त्याचाही फोटो. पुढे हा 'हो' फार कामाला येतो.

परतीचं धोरण त्या वस्तूच्या पानावर खाली असतं, तेही तेव्हाच बघा. 'रिटर्न नाही' असं लिहिलेलं असलं तरी ते मन बदलण्यापुरतं. सदोष किंवा उशिरा आलेल्या मालाच्या बाबतीत ती पाटी लावून नियमातून सुटता येत नाही.

मुदत टळली, पार्सल अजून वाटेत आहे

सगळ्यात स्वस्त उपाय याच वेळी हातात असतो आणि बहुतेकांना तो सुचत नाही. वस्तूची गरज उरली नसेल, तर ती घरात येऊच देऊ नका. आधी ॲपमधून ऑर्डर रद्द करा, कारण म्हणून उशीरच निवडा. 'माल निघाला आहे, आता रद्द होणार नाही' असं आलं, तर डिलिव्हरीवाला दारात आल्यावर घ्यायला नकार द्या. त्याला ओटीपी सांगू नका, पाकीट फोडू नका. 'उशिरा आलंय, घ्यायचं नाही' एवढंच शांतपणे सांगा. त्याच्याशी वाद घालू नका, त्याचा यात काही दोष नसतो आणि त्याला त्या दिवशी आणखी पन्नास घरं करायची असतात. असं पार्सल विक्रेत्याकडे परत जातं, कुरिअरवाले त्याला 'आरटीओ' म्हणतात. या वाटेने गेलं की तुमच्या खिशातून टपालाचा एक पैसा जात नाही. मी मंगळवारी दारातच नाही म्हटलं असतं, तर १६० रुपयांचा प्रश्नच आला नसता.

घरी आई-बाबा किंवा शेजारच्या काकू पार्सल घेतात, त्यांनाही सकाळीच सांगून ठेवा. आपण ऑफिसात आणि काकू प्रेमाने सही करून मोकळ्या, असं नेहमी होतं.

दुसरी गोष्ट. कधीकधी कोणी आलेलंच नसतं आणि मेसेज येतो, 'ग्राहक घरी नव्हते'. त्या मेसेजचा आणि त्या दिवसाच्या फोनच्या कॉल यादीचा स्क्रीनशॉट घ्या. दारावर कोणी आलं नाही, फोनही नाही, असं त्याच दिवशी चॅटवर कळवा. नाहीतर पुढे तोच उशीर तुमच्या माथी मारला जातो.

घेतलं, आता परत करायचंय

ॲपमधली कारणांची यादी शेवटपर्यंत वाचा. 'आवडलं नाही', 'दुसरीकडे स्वस्त मिळालं', 'आता गरज नाही', 'चुकून मागवलं' ही सगळी तुमच्याकडची कारणं झाली. 'उशिरा मिळालं', 'वेगळीच वस्तू आली', 'खराब आली' ही त्यांच्याकडची. उशिराचं कारण यादीत नसेल तर 'इतर' निवडा आणि खाली लिहा: 'सोमवारपर्यंत देण्याचं कबूल केलं होतं, आठ दिवस उशिरा मिळालं, म्हणून परत करत आहे.' लेबल, खोका, पिशवी, सगळं जसंच्या तसं ठेवा. कपडा असेल तर घालून बघू नका.

त्यांचा माणूस न्यायला येणार असेल तर उत्तम. त्याच्यासमोर पार्सलचा फोटो काढा आणि माल नेल्याचा मेसेज आल्याशिवाय त्याला सोडू नका. अशा वेळी परतीचा खर्च वेगळा द्यावा लागत नाही, पण परताव्यातून 'परतीचं शुल्क' कापलंय का ते बघायचं.

तुम्हालाच पाठवायला सांगितलं, तर कुरिअरच्या दुकानात जायच्या आधी विक्रेत्याला लेखी विचारा: खर्च किती मिळेल, पावती कुठे टाकायची, कमाल मर्यादा काय? बऱ्याच ठिकाणी मर्यादा असते आणि आपण त्याहून महाग कुरिअर केलं तर वरचे पैसे आपले जातात.

खोका शक्य तितका लहान घ्या. अनेक कुरिअरवाले नुसतं वजन धरत नाहीत, खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि दोन्हीतलं जे जास्त त्याचे पैसे घेतात. ४० बाय ३० बाय २० चा खोका म्हणजे ४.८ किलो झाले, आत पाऊण किलोचं सोवळं असलं तरी. मी काउंटरवर उभा राहून खोका काढून टाकला आणि साध्या प्लास्टिकच्या पाकिटात घातलं, तेव्हा दर खाली येऊन १६० वर थांबला.

गावात कुरिअर नसेल तर पोस्टाचं स्पीड पोस्ट आहेच. पोस्टाच्या पावतीवर तेरा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो, शेवटी 'आयएन'. त्यावरून पार्सल कुठवर गेलं ते कळतं आणि समोरच्याला मिळाल्याची नोंदही दिसते. पावती कुठलीही असो, तिचा लगेच फोटो काढा. त्या गुळगुळीत कागदावरची शाई महिन्याभरात उडते. माझी पावती कपाटात ठेवली होती, पुढे दाखवायची वेळ आली तेव्हा नुसता पांढरा कागद उरला होता. फोनमध्ये फोटो होता म्हणून निभावलं.

पैसे आले, पण कमी आले

बिल समोर घेऊन हिशेब करा. वस्तूची किंमत, डिलिव्हरी, कॅश ऑन डिलिव्हरीचं वेगळं शुल्क, आणि तुम्ही भरलेलं परतीचं कुरिअर. उशीर त्यांचा असेल तर या चारही गोष्टी मागायच्या. बहुतेक जण पहिली मिळाली की गप्प बसतात.

चॅटवर एकदा मागा. 'कंपनीच्या धोरणानुसार डिलिव्हरी शुल्क परत मिळत नाही' असं उत्तर आलं की त्या चॅटमध्ये आणखी वेळ घालवू नका, थेट तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. नियमांप्रमाणे प्रत्येक ई-कॉमर्स संस्थेने असा अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क आपल्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर द्यायचा असतो. तो सहसा अगदी तळाला, बारीक अक्षरांत सापडतो. तक्रार मिळाल्याची पोच त्याने ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात निकाल लावायचा. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या.

ई-मेल लांबवू नका, रागही नको. मी हे लिहिलं होतं:

'महोदय, ऑर्डर क्रमांक अमुक. खरेदीच्या वेळी दिलेली मुदत सोमवार, प्रत्यक्ष मिळालं पुढच्या मंगळवारी, आठ दिवस उशिरा. शुक्रवारच्या कार्यासाठी वस्तू हवी असल्याचं चॅटवर आधीच कळवलं होतं. वस्तू न वापरता परत केली, ती तुम्हाला पोहोचल्याची नोंद सोबत आहे. १,८५० रुपये मिळाले. डिलिव्हरीचे ९९ आणि परतीच्या कुरिअरचे १६० असे २५९ रुपये येणे बाकी आहे. परत करताना ॲपमध्ये "आता गरज नाही" असं कारण निवडलं गेलं, पण गरज संपली ती तुमच्या उशिरामुळे. उशिरा आलेला माल परत घेऊन पैसे देण्याचं बंधन २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतील सहाव्या नियमाने तुमच्यावर आहे आणि परतीचा खर्च माझ्यावर पडेल असं खरेदीच्या पानावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. कृपया रक्कम मूळ खात्यात जमा करावी.'

सोबत पाच चित्रं जोडली: मुदतीचं पान, चॅट, मिळाल्याचा मेसेज, कुरिअरची पावती, बँकेतली नोंद. दोन दिवसांत पोच आली आणि आठवड्याने ९९ रुपये आले.

१६० साठी अडून बसले, तेव्हा १९१५ ला फोन केला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, फोनला पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली आणि क्रमांक दिला. हेल्पलाइन निकाल देत नाही, ती तक्रार कंपनीपुढे ठेवून मिटवायला लावते. तीन आठवड्यांनी १६० जमा झाले. मुंबईच्या आसपास असाल तर १९७५ पासून काम करणाऱ्या मुंबई ग्राहक पंचायतीकडूनही मार्गदर्शन मिळतं. तक्रार कशी लिहायची हे तिथे समजावून सांगणारी माणसं भेटतात.

रक्कम मोठी असेल, फ्रिज किंवा सोफा असेल आणि कोणीच दाद देत नसेल, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइनही दाखल करता येते. घटनेपासून दोन वर्षांच्या आत मात्र करायला हवी. १६० रुपयांसाठी मी तिथवर गेलो नसतो, हे खरं. पण पंचवीस हजारांच्या मालाचे दोन-तीन हजार वाहतुकीच्या नावाखाली कापले असते, तर नक्की गेलो असतो.

घरून विकणाऱ्या ताई

इन्स्टाग्रामवर साड्या विकणाऱ्या, व्हॉट्सॲपवर फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या कितीतरी बायका आहेत. नेहमीचा धंदा म्हणून विकत असतील तर नियम त्यांनाही लागू होतात. कोणी घरातली जुनी पुस्तकं एकदाच विकायला काढली, तर त्या माणसाला ते लागू नाहीत. पण लहान विक्रेत्याशी मी वेगळं वागतो आणि तुम्हीही तसंच वागावं असं मला मनापासून वाटतं. आधी फोन करा. "ताई, साडी चार दिवस उशिरा आली, हळदीकुंकू झालं, आता काय करूया?" असं विचारलं की बहुतेक जणी स्वतःच मार्ग काढतात. कुरिअर अर्धं-अर्धं करतात, नाहीतर पुढच्या खरेदीत धरतात. एका साडीमागे त्यांना सुटतात किती, आणि उशीर बहुतेकदा कुरिअरवाल्याचा असतो. जे ठरेल ते मेसेजवर लिहून घ्या म्हणजे पुढे गैरसमज नको.

परताव्याच्या नावाचा फोन

परतीची तक्रार कुठे जाहीरपणे लिहिली की काही तासांत फोन येतो, 'तुमचा रिफंड अडकलाय, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका.' पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. फोन ठेवून द्या. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, ॲपमधलाच वापरा. पैसे गेलेच तर मिनिटाचाही उशीर न करता १९३० वर कळवा.

ताईने लक्ष्मी रोडवरून आणलेलं सोवळं भाच्याने परवा घरच्या पूजेला पुन्हा नेसलं. पुढच्या महिन्यात धाकट्याची मुंज आहे. या वेळी मीही तिथूनच आणणार आहे. फक्त चांदीची पळी ऑनलाइन मागवली आहे, कार्याच्या पंचवीस दिवस आधी, आणि तारखेचा स्क्रीनशॉट फोनमध्ये आहे.